लव्हाळी विहिरीची वाट

पोलीस ठाण्याचं पत्र आलं तेव्हा पांग सूलान शेवयांसाठी कणीक मळत होती. हात पिठात बरबटलेले, म्हणून टपालवाल्यालाच तिनं पाकीट फोडून वाचायला सांगितलं. उत्तरेकडच्या काळ्या टेकड्यांत, वाळवंट तुडवत हिंडणाऱ्या एका मंडळाला माणसाची हाडं सापडली होती. जवळ लाकडी पिंपाच्या दोन लोखंडी पट्ट्या, खोगिराची एक कडी आणि एक पत्र्याचा मग. मगाच्या बुडाला खिळ्यानं कोरलेलं नाव अजून वाचता येत होतं : पांग दशुन. त्या लोकांनी हाडं तिथंच पुरून वर दगड रचले होते. वारसानं ठाण्यात येऊन तो मग घेऊन जावा. शेवटी त्या जागेच्या अक्षांश-रेखांशाचे दोन लांबलचक आकडे होते.

"कोण लागायचे तुमचे?" टपालवाल्यानं विचारलं.

"वडील," ती म्हणाली आणि पुन्हा कणकेकडे वळली. गोळा कधीचाच मऊ झाला होता, तरी ती कितीतरी वेळ मळतच राहिली.

साठ सालचा तो दुष्काळ. सूलान तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे वडील भूगर्भ तपासणाऱ्या एका तुकडीकडे उंट हाकायचे. तुकडीचा तळ रेल्वेच्या उत्तरेला, गोबी वाळवंटाच्या तोंडाशी. मोजणी करणारे दोघंजण लव्हाळी विहिरीच्या बाजूला गेले होते, ते ठरल्या दिवशी परतले नाहीत. म्हणून पांग दशुनला एक उंट, पाण्याची दोन पिंपं आणि भाजलेल्या पिठाची पिशवी देऊन त्यांच्याकडे पाठवलं. तो गेला तो गेलाच. वीस दिवसांनी दुसरी माणसं विहिरीवर पोचली तेव्हा ते दोघं विहिरीच्या काठाशी मरून पडलेले होते. पांग दशुनचा आणि उंटाचा कुठं मागमूस नव्हता. तुकडीच्या कागदांत नोंद झाली : उंट, पाणी आणि पीठ घेऊन पसार.

त्यानंतर आईनं या तेलाच्या गावात, युमनमध्ये, अठरा वर्षं रस्ते झाडले. लोक तिला नावानं हाक मारत नसत, 'पळपुट्याची बायको' म्हणत. ती कुणाला उलटून बोलली नाही. घरात मात्र एकच वाक्य परत परत म्हणायची : "तुझे बाबा लव्हाळी विहिरीला गेलेत." जेवताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. मरायच्या आदल्या दिवशीही तेच म्हणाली.

ठाण्यातून तो मग आणल्यावर सूलान घरी गेली नाही. थेट लुओ वनताओच्या दारात जाऊन उभी राहिली. विहिरीपाशी मेलेल्या दोघांपैकी एकाचा हा मुलगा. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. शाळेत असताना यानंच पोरं जमवून तिच्या वेणीला डांबर फासलं होतं, आणि आईला तिचे केस मुळापासून कापावे लागले होते. मोठेपणी दोघंही तेलाच्या कारखान्यात लागले, तो यंत्रांवर आणि ती खानावळीत. तीस वर्षं तिनं त्याच्या ताटात शेवया वाढल्या, पण दोघांत कधी एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.

"वाचा," तिनं पत्र पुढं केलं. "माझा बाप पळाला नव्हता. कामावर असताना मेला."

लुओनं चष्मा लावला. पत्र एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. आकड्यांपाशी त्याचं बोट बराच वेळ थांबलं. नंतर त्यानं तो मग हातात घेऊन उलटा केला, नाव पाहिलं आणि अलगद टेबलावर ठेवला.

"बस," तो म्हणाला. त्यानं चहा ओतला. "चुकलं आमचं, सूलान. माझं आणि माझ्या आईचंही." आणि पासष्ट वर्षांचा तो उंच माणूस तिच्यासमोर कमरेत वाकला.

सूलान रस्त्यावर आली आणि मोकळ्या बसथांब्यावर बसून पोटभर रडली. पाहायला कुणी नव्हतं. कारखान्याची कचेरी खाली सपाटीला गेली तेव्हाच अर्धं गाव तिच्यामागून गेलं होतं. गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या पडल्या होत्या, आणि टेकडीवर तेल उपसणारे पंप तेवढे माना हलवत राहिले होते.

आठवड्याभरानं लुओच तिच्याकडे आला. "ते मंडळवाले ऑक्टोबरात पुन्हा त्या बाजूला जाणारेत. पायी. तू जाणार असशील ना?"

"जाणार. बाबा चालत गेले, मीही चालतच जाणार."

"मग मीपण येतो."

मंडळ ज्यूछुआन शहरातल्या निवृत्त लोकांचं. त्याचे म्होरके तान मास्तर, सत्तावन्न वर्षांचा, उन्हानं काळा पडलेला माणूस. पूर्वी ते भूगर्भ खात्याच्या गाड्या चालवायचे. त्यांनी दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ताई, जुन्या तळापासून त्या दगडांपर्यंत एकशेदहा किलोमीटर आहे. सहा दिवस. वाटेत दोनदा मी जीपनं पाणी ठेवीन. बाकी सगळं ज्याचं त्याच्या पाठीवर. दमलो, बसलो, रिक्षा बोलावली, असं तिथं नसतं."

"आमच्या गावात तरी कुठंय रिक्षा?" सूलान म्हणाली.

तान मास्तर हसले. मग एकेक अट सांगत गेले. हृदयाचा आलेख काढून आणायचा. सप्टेंबर संपायच्या आत, बारा किलो ओझं घेऊन, लागोपाठ तीन दिवस, रोज पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं. बूट दोन नंबर मोठे घ्यायचे, कारण उन्हात पाय फुगतात. "आणि चटईवर झोपायची सवय करा. गाद्यांची माणसं दुसऱ्या दिवशी उठत नाहीत."

एप्रिलपासून दोघं कामाला लागले. लुओच्या घरामागं पाच मजली रिकामी इमारत होती. दारं-खिडक्या चोरीला गेलेल्या, पण जिना धड होता. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून दोघं तो जिना चढायचे-उतरायचे. सुरुवातीला पाच फेऱ्यांतच सूलानचे गुडघे बोलायला लागले.

"काय गं, चढतेयस की पायऱ्या झाडतेयस?" वरच्या मजल्यावरून लुओ ओरडायचा.

"तुमचा श्वास खालच्या गल्लीत ऐकू येतोय, लुओ दादा. तो आधी सांभाळा!"

मे महिन्यात ते गावाबाहेर चालायला लागले, पंपांच्या रांगांपलीकडे, जिथून नुसती खडी आणि वारा सुरू होतो. जूनमध्ये तिच्या टाचांना फोड आले. लुओ उघड्यावर तिच्यासमोर उकिडवा बसला. सुईत दोरा ओवून त्यानं फोडातलं पाणी काढलं आणि वर चिकटपट्टी लावून दिली. तिला अवघडल्यासारखं झालं. आपला पाय आजवर कुणा परक्या पुरुषानं असा हातात घेतला नव्हता. तिचा नवरा जाऊनही बारा वर्षं झाली होती.

"पावडर टाकत जा मोज्यात," तो खाली बघतच म्हणाला. "आणि नखं आडवी काप. गोल कापलीस तर बोटात शिरतात."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"एकदा बराच चाललो होतो. झाली त्याला तीस वर्षं."

कुठं, ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

तिची मुलगी रुईपिंग लानझोउहून रोज फोन करायची. "आई, बासष्टचं वय आहे तुझं. मेलेल्या माणसासाठी स्वतः मरायला निघालीयस का?"

"मेलेला माणूस नाही तो, माझा बाप आहे."

"तुला त्यांचा चेहरा तरी आठवतो का?"

 चेहरा सूलानला आठवत नव्हता. उंटाच्या लोकरीचा वास आठवत होता, आणि बुटाची नाडी बांधायला वाकलेली मान.

तो उन्हाळा तिच्या आयुष्यातला सगळ्यात बरा काळ असावा. ती भूक लागून जेवायची आणि पडल्या पडल्या झोपायची. भाजीबाजारात गाठून लोकांना सांगायची, "ऑक्टोबरात बाबांकडे जातेय." नोंदीतून 'पसार' हा शब्द काढावा म्हणून तिनं भूगर्भ खात्याच्या कचेरीत अर्जही दिला. त्यावर विहिरीपाशी मेलेल्यांच्या वारसाची सही असली तर काम सोपं होईल, असं कारकुनानं सांगितलं होतं. ती सहीचा कागद घेऊन लुओकडे गेली.

"करतो की," तो म्हणाला. "आधी जाऊन येऊ. तिथं जाऊन बघू, मग करतो."

तिला वाटलं, बरोबर आहे. शिस्तीचा माणूस आहे.

ऑगस्टच्या शेवटी तान मास्तरांनी ज्यूछुआनला नकाशाचा वर्ग घेतला. जाणाऱ्या नऊही जणांना नकाशा वाचता आलाच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. लुओचा त्या दिवशी दात काढायचा होता, म्हणून सूलान एकटीच बसनं गेली. एका शाळेच्या खोलीत म्हातारे-म्हाताऱ्या बाकांवर दाटीवाटीनं बसले, चष्मे पुसले आणि होकायंत्र फिरवत बसले. सूलानला नकाशा म्हणजे नुसत्या शेवयांचं भांडं वाटलं. पण तान मास्तर चिकाटीचे होते. रेषा जवळजवळ आल्या की चढ, लांब लांब गेल्या की सपाटी. ही तुटक निळी रेघ म्हणजे कोरडी नदी. दुपारपर्यंत तिला स्वतःच्या बोटानं जुना तळ सापडला, आणि पत्रातले आकडे धरून दगडांची जागाही. तिनं दोन्हींना जोडणारी रेघ मारली. रेघ वायव्येला गेली.

"वा, ताई!" तान मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी मी घरी बसतो, तुम्हीच न्या सगळ्यांना."

वर्ग सुटल्यावर ती मागं रेंगाळली. "मास्तर, एक दाखवाल? लव्हाळी विहीर कुठं आहे? वाटेतच लागेल ना? तिथं थोडं थांबू. लुओ दादांचे वडील तिथं गेले."

तान मास्तरांनी नकाशा पुन्हा उलगडला. "लव्हाळी विहीर... जुनं नाव आहे. माझ्या गाडीतल्या जुन्या नकाशावर असेल." ते जाऊन मळलेला, घड्यांवर फाटलेला एक कागद घेऊन आले. त्यांचं बोट तळापासून निघालं, हळूहळू सरकलं आणि थांबलं. "ही."

बोट ईशान्येला होतं.

सूलाननं आधी बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या रेघेकडे. तिनं बाकावरची दुसरी पेन्सिल उचलली आणि तळापासून विहिरीपर्यंत आडवी ठेवली. दोन वाटा तळाजवळच फाटत होत्या. एक उजवीकडे, सत्तर किलोमीटरवर विहिरीला. दुसरी डावीकडे, एकशेदहा किलोमीटरवर दगडांना. दुसरी तशीच पुढं नेली की शिनजियांग प्रांताची हद्द.

"तुमचं बोट चुकलं नाही ना?"

 तान मास्तर कागदाच्या घडीवरून नुसता अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "वादळात माणूस भरकटतो, ताई. उंट बिथरतो."

"एवढा?"

"होतं कधी कधी."

"तुमचं झालं होतं का कधी असं? शंभर किलोमीटर? सूर्य डोक्यावर असताना?"

त्यांनी नकाशाची घडी घातली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. सहा महिन्यांपूर्वी तिनं वादळाची गोष्ट आनंदानं मान्य केली असती. पण आता तिला थोडंफार कळत होतं. माणसाला दिवसाला किती पाणी लागतं, कळत होतं. सकाळी सूर्य कोणत्या खांद्यावर असला की आपण कुठं चाललोय, कळत होतं. तिचा बाप चौदाव्या वर्षापासून उंट हाकत होता. तो चार-पाच दिवस सकाळचा सूर्य पाठीवर घेऊन चालला होता. विहिरीला जायचं असतं तर तो तोंडावर आला असता.

आणि मग नको असलेली एक गोष्ट आठवली. ते सप्टेंबरचे पहिले दिवस होते. ऊन चांगलंच होतं. आई दारात बसून बाबांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाची उसवलेली शिवण घालत होती. सहा दिवसांच्या कामाला निघालेल्या माणसाचा हिवाळी कोट. सूलान शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. त्याच्या दोन आठवडे आधी धाकटा भाऊ गेला होता. सात महिन्यांचा. आईला दूध नव्हतं, आणि घरात गवताच्या बियांखेरीज काही नव्हतं. शिनजियांगमध्ये पाव मिळतो, असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

म्हणजे आईला माहीत होतं. अठरा वर्षं रस्ते झाडताना माहीत होतं, आणि शेवटच्या दिवशीही माहीत होतं. तो तिथं पोचून दोघींना बोलावून घेणार होता, की एकटाच जगायला निघाला होता, आणि पाणी सोबत असूनही तिथं कसा मेला, हे मात्र आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

तीन दिवस ती जिना चढायला गेली नाही. फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी दुपारी लुओ सुजलेला गाल घेऊन आला.

"आजारी आहेस का? तीन दिवसांत पाय पुन्हा मऊ पडतात, माहितीय ना?"

"चला," ती म्हणाली. "तिकडंच बोलू."

रिकाम्या इमारतीत दोघं दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसले. खिडकीच्या भोकातून वारा येत होता. सूलाननं सगळा धीर एकवटला.

"लुओ दादा, मी नकाशा पाहिला. विहीर एकीकडे आहे आणि बाबांची जागा दुसरीकडे. ते तुमच्या वडिलांकडे गेलेच नाहीत. लोक बरोबर बोलत होते. तुमची आई बरोबर बोलत होती." ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही माझ्यापुढं वाकलात. ते परत घ्या."

लुओ समोरच्या भिंतीकडे बघत होता. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. 

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पंच्याऐंशी साली गेलो होतो मी विहिरीला. चालत. वडिलांची माती बघायला." तो सावकाश बोलत होता, गालावर हात धरून. "तू पत्र घेऊन आलीस तेव्हा आकडे बघूनच कळलं. तू गेल्यावर नकाशा काढून खात्री केली."

"मग ती माफी? ते वाकणं?"

"खोटं होतं."

"कशासाठी?"

"तुला तिथवर न्यायचं होतं मला. त्या दगडांपुढं उभं करून, सगळ्या मंडळासमोर विचारायचं होतं, की सूलान, सांग बघू, विहीर कुठं आहे. तू हात दाखवायचास, आणि तुझं तुलाच कळायचं." तो हसल्यासारखा झाला. "तू पोचली पाहिजेस म्हणून तर तुला शिकवत होतो. मध्येच मोडून पडली असतीस तर काय उपयोग?"

 सूलानला तिचे पाय आठवले, त्याच्या मांडीवर ठेवलेले.

"अजूनही तेच करणार होता?"

"कुणास ठाऊक." त्यानं खांदे पाडले. "जूनपर्यंत नक्की करणार होतो. नंतर रोज सकाळी उठून ठरवायला लागायचं. तीन महिने एखाद्या बाईच्या टाचांना पट्ट्या लावल्यावर तिच्यावर धड चिडताही येत नाही. तेही तू माझ्याकडनं काढून घेतलंस."

त्यानं पायरीवरची माती बोटानं झटकली. मग तोच म्हणाला, "वडिलांची वही मिळाली होती. मोजणीची वही. आई रोज वाचायची. शेवटच्या नऊ दिवसांत मोजणी नाही. रोज फक्त एक ओळ आहे. 'आज उंटवाला येईल.' नऊ वेळा. विहीर त्यांनी चार हात खाली खणली होती. अवजारं नव्हती. बोटांना नखं राहिली नव्हती, असं वही आणणाऱ्यांनी आईला सांगितलं. सांगायला नको होतं."

"त्या दोन पिंपांत..." सूलान म्हणाली आणि थांबली. हिशेब तिला आता येत होता. दोन माणसं, दोन पिंपं. महिनाभर सहज पुरलं असतं.

"हो," लुओ म्हणाला.

"माझा भाऊ मेला होता. त्याच्या दोन आठवडे आधी. भुकेनं."

"माझी बहीण मेली, वडील गेल्यावर. सगळ्यांचंच कुणी ना कुणी मेलं, सूलान." तो कठड्याला धरून उठला. "मी नाव काढून घेतो मंडळातून. तू जा तुझ्या बापाकडे. त्यालाही साठ वर्षं कुणी भेटायला गेलेलं नाही."

तो जिना उतरून गेला. त्याची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. आज श्वास मात्र लागलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूलाननं कचेरीत जाऊन अर्ज परत घेतला. "काय झालं, आजी?" कारकुनानं विचारलं. "नोंद बरोबर आहे," ती म्हणाली. एवढे तीन शब्द बोलायला तिला बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसावं लागलं होतं.

मग ती तान मास्तरांकडे गेली. "मला दगडांकडे जायचं नाही. मला विहिरीला न्या."

"मंडळ तिकडं जात नाही, ताई. तिकडं बघायला काही नाही. पाणीही नाही."

"मंडळाबरोबर नको. मंडळ जाऊन आल्यावर. तुम्ही आणि मी."

तान मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "त्यानं काय होईल?"

"काही होणार नाही."

"मग?"

"कुणीतरी जायला हवं होतं."

सप्टेंबर तिनं एकटीनं काढला. जिना एकटीनं चढली, टाचांना पट्ट्या एकटीनं लावल्या. तीन दिवसांचं चालून दाखवायचं होतं, तेही उरकलं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या पाच किलोमीटरला तिला उलटी झाली, पण तान मास्तरांनी वहीत बरोबरची खूण केली. रुईपिंग येऊन दोन दिवस राहिली, भांडली, रडली. तिला सूलाननं सगळं सांगितलं. मुलीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आजी कोट शिवत होती, तो भाग कुणाला सांगू नकोस." सूलाननं तो कुणाला सांगितला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ती आणि तान मास्तर निघाले. तळाच्या जागी आता पडक्या भिंतींचे चार कोपरे होते. सकाळी पाण्यावर बर्फाची साय धरायची, आणि दुपारी ऊन पाठीत घुसायचं. सूलान न बोलता चालायची. ऐंशी पावलांनी एकदा श्वास सोडायचा, तासाला दोन घोट, सूर्य उजव्या गालावर. शरीर शिकवल्याप्रमाणं वागत होतं. त्याचंच तिला नवल वाटत होतं, आणि थोडी लाजही. हे शिकवणाऱ्यानं कोणत्या हेतूनं शिकवलं होतं, ते विसरता येत नव्हतं.

पहिल्याच दुपारी कोरड्या नदीचं पात्र दुभंगलं. एक फाटा उजवीकडे, एक डावीकडे.

"इथून," तान मास्तर हळूच म्हणाले. 

ती डावीकडे तोंड करून उभी राहिली. खडी होती, लांबवर काळ्या टेकड्यांची रेघ होती. इथं उंटाची दोरी ओढताना तो थांबला असेल का, मागं वळून पाहिलं असेल का, हे ती स्वतःला विचारत राहिली. इथं उभं राहिल्यावर तरी काही कळेल, असं तिला वाटलं होतं. काही कळलं नाही. वाऱ्यानं डोळ्यांत वाळू गेली, आणि दोघं उजवीकडे वळले.

चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ते पोचले. विहीर म्हणजे वाळूनं भरलेला खळगा होता, कमरेएवढाही खोल नाही. काठावर लव्हाळ्याची करडी, मेलेली खुंटं. थोड्या अंतरावर, तिथं पुरलेल्या दोघांच्या नावाच्या सिमेंटच्या दोन पाट्या. एक उभी होती, एक पालथी पडली होती. दोघांनी मिळून ती उभी केली आणि बुडाशी दगड रचले. सूलान गुडघ्यांवर बसली आणि प्रत्येक पाटीपुढं तीनदा डोकं टेकलं. म्हणायचे शब्द तिनं महिनाभर मनात जुळवले होते. आता त्यातलं एकही वाक्य ओठांवर येईना. 'उशीर झाला,' एवढंच शेवटी ती म्हणाली. तेही आपण कुणाच्या वतीनं म्हणालो, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

मन हलकं होईल, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. तान मास्तरांनी शेगडीवर शेवया उकडल्या. तिला भूक लागली होती, म्हणून तिनं वाडगाभर खाल्ल्या, आणि त्या दोघांच्या जवळ बसून पोटभर खाल्ल्याचंच तिला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

काळ्या टेकड्यांकडे ती त्या वर्षी गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. तान मास्तर दरवेळी विचारायचे. ती म्हणायची, "बघू."

नोव्हेंबरात, घरोघर कोळसा पेटायला लागला तेव्हा, भाजीबाजारात लुओ दिसला. हिवाळ्यासाठी कोबीचे गड्डे निवडत होता. तिला पाहून त्याचा हात थांबला. ती पुढं निघून जाणार, एवढ्यात त्यानं विचारलं, "पाय कसे आहेत?"

"दोन नखं गेली."

"येतील परत." त्यानं एक गड्डा उचलून दाबून पाहिला. "तिथं पाणी आहे का गं आता?"

"नाही. खळगा आहे नुसता. एक पाटी पडली होती, ती उभी केली."

"कुणाची?"

"दुसऱ्यांची. तुमच्या वडिलांची उभीच होती."

त्यानं मान डोलावली. चार गड्डे पोत्यात टाकले, पोतं खांद्यावर घेतलं आणि बाजाराच्या दुसऱ्या दारानं गेला. पुढंही ते दोघं भेटायचे, थंडीविषयी, गावातून आणखी कोण गेलं त्याविषयी दोन वाक्यं बोलायचे. चालायला मात्र परत कधी एकत्र गेले नाहीत.